समुद्रांतील इंधन

इ. स. १९३१ मध्यें हॅरॉल्ड युरी या अमेरिकन शास्त्रज्ञानें नेहमींच्या हायड्रोजनाचा दुप्पट वजनाचा भाऊ शोधून काढला. हाच जड हायड्रोजन, अर्थात् ड्यूटेरियम. समुद्राच्या पाण्यांत सुमारें साडेसहा हजार हायड्रोजन-अणूंमागें एक, इतकें त्याचें प्रमाण. अल्प खरें, पण समुद्र अफाट आहे! १९३४ सालीं केंब्रिज येथें रदरफर्ड, ऑलिफंट व हार्टेक यांनीं ड्यूटेरियमवर त्याच्याच अणुगर्भांचा मारा केला, तेव्हां दोन गर्भ एकजीव होऊन ऊर्जा मुक्त होते असें आढळलें. या मीलनाच्या वाटा दोन : एकींतून ट्रिटियम, म्हणजे तिप्पट वजनाचा हायड्रोजन, निपजतो; दुसरींतून हेलियम-३ व न्यूट्रॉन.

१९५५ च्या ऑगस्टमध्यें जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनीं, वीस वर्षांत हें मीलन मनुष्याच्या ताब्यांत येईल, असें भाकित केलें. तें खोटें ठरलें, हें सर्वत्र सांगितलें जातें. परंतु भाभांना अभिप्रेत असलेलें इंधन समुद्रांतलें जड हायड्रोजन होतें, याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. ड्यूटेरियमचे दोन गर्भ सहजासहजीं एकत्र येत नाहींत. ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचें मिश्रण मात्र सुमारें पंधरा कोटी अंशांवर जळूं शकतें. म्हणून संशोधकांनीं हीच सोयीची वाट धरिली. इंग्लंडांतील कलहॅम येथील 'जेट' यंत्रानें २०२३ सालीं अशा ०.२ मिलिग्रॅम इंधनांतून ६९ मेगाजूल ऊर्जा मिळविली.

या सोयीची किंमत मोठी आहे. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनीं निम्में होतें. निसर्गांत तें जवळजवळ नाहींच, लिथियमपासून तयार करावें लागतें. शिवाय चार पंचमांश ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो, आणि चुंबकांना न जुमानतां भट्टीच्या भिंतींवर आदळून त्यांना किरणोत्सर्गी करितो.

ड्यूटेरियमला हेलियम-३ ची जोड दिल्यास न्यूट्रॉन पुष्कळच कमी होतात. पण उष्णता फार अधिक लागते, आणि पृथ्वीवर हा वायु दुर्मिळ. १९८६ सालीं विस्कॉन्सिनच्या विटेनबर्ग, सँटेरियस व कुलसिन्स्की यांनीं थेट चंद्रावरच्या मातीकडे बोट दाखविलें! एका ग्रॅमसाठीं शंभर-दोनशें टन माती उपसावी लागेल.

तिसरी वाट जुन्या प्रयोगाकडेच वळते. ड्यूटेरियमपासून निपजणारें ट्रिटियम व हेलियम-३ त्याच भट्टींत ड्यूटेरियमबरोबर जाळावयाचें. सहा गर्भांमागें ४३ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. लिथियम नको, चंद्रहि नको. न्यूट्रॉनांपासून मात्र सुटका नाहीं, आणि इतकी उष्णता धरून ठेवणारी भट्टी अद्याप कोठेंहि उभी राहिलेली नाहीं.