पेढी नदी : काठी पाणी, परी खारे

अमरावती जिल्ह्यातील पेढी ही पूर्णेची उपनदी होय. महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र असलेल्या रिद्धपूर परिसरात ती उगम पावते. वलगाव व भातकुलीवरून वाहत ती पुढे पूर्णेस मिळते. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळत असल्याने पेढीचे पाणी अखेर अरबी समुद्रास जाते. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक याच नदीकाठी देह ठेवला.

भातकुलीच्या पुढे नदी खारपाणपट्ट्यात शिरते. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात गाळाच्या जाड थरांतील भूजल क्षारयुक्त आहे. विहिरी असूनही पाणी पिण्याजोगे नसते. तेच पाणी ओलितास वापरल्यास काळी जमीन चोपण होते. त्यामुळे पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हरभऱ्यासारखी पिके घेण्याची येथे परंपरा आहे. भूपृष्ठावरील गोडे पाणी साठविण्यासाठी भातकुली तालुक्यात निंभा गावाजवळ निम्न पेढी प्रकल्प हाती घेण्यात आला.

पेढी जवळ असली, तरी अमरावती व बडनेरा शहरांची तहान भागते ती मोर्शीजवळील सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणावर. वर्धा नदीचे पाणी मात्र प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास जाते. अर्थात, बडनेऱ्याच्या नळाला येणारे पाणी पेढीच्या खोऱ्यातील नसून पलीकडच्या खोऱ्यातून आणलेले आहे.