उपरी रहिवासी आणि सक्तीची सैन्यसेवा

आपल्याकडील जुन्या गांवगाड्यांत जमीन कसणारांचे दोन वर्ग असत, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गांवच्या सभेंत त्याच्या शब्दाला मान असे, आणि या मानाबरोबर कांहीं जादा पट्ट्यांचा बोजाहि त्याच्या माथीं बसे. उपरी हा बाहेरून आलेला. तो जमीन कसी, सारा देई, लेंकरें त्याच गांवांत वाढवी; परंतु गांव त्याला पुरतें आपलें म्हणत नसे, आणि तोहि गांवाच्या सर्व ओझ्यांना बांधलेला नसे. हक्क थोडा तसें ओझेंहि थोडें, असा हा सरळ हिशेब होता.

श्रोतेहो, आज मी जो प्रश्न आपणांपुढें मांडणार आहें, तो या उपऱ्याचाच आहे. मात्र गांवाच्या जागीं राष्ट्र आहे, आणि पट्टीच्या जागीं प्राण आहे. एखाद्या देशांत कायमचा राहणारा, तेथील कायद्याच्या आश्रयानें संसार थाटणारा, परंतु तेथील नागरिक नसलेला जो मनुष्य, त्याला त्या देशानें सक्तीनें सैन्यांत घ्यावें काय? आपल्या देशांत सक्तीची सैन्यभरती नाहीं, म्हणून हा प्रश्न आपणांस दूरचा वाटेल. परंतु ज्यांचा मुलगा किंवा पुतण्या सिंगापुरास जाऊन स्थायिक झाला आहे, त्यांना तो तितका दूरचा वाटणार नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं पूर्वींच्या लोकांनीं तो कसा सोडविला, हें पाहणें उपयोगाचें होईल.

प्रथम आपण अथेन्स नगरींत जाऊं. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत ही नगरी ऐश्वर्याच्या शिखरावर होती, आणि तेथें, विशेषतः तिच्या पायरीअस बंदरांत, दूरदूरचे व्यापारी व कारागीर येऊन राहिले होते. या परस्थांना 'मेटिक' म्हणत. मेटिक पुरुषाला दरसाल 12 द्राख्मा इतका कर द्यावा लागे आणि एखादा नागरिक आपला पाठीराखा म्हणून दाखवावा लागे. विशेष परवानगीवांचून त्याला जमीन किंवा घर घेतां येत नसे, आणि लोकसभेंत मत देण्याचा अधिकार तर नव्हताच. पिढ्या लोटल्या तरी बहुधा तो मेटिकच राही. कारण ख्रिस्तपूर्व 451 मध्यें पेरिक्लीझनें करविलेल्या कायद्याप्रमाणें ज्याचे आईबाप दोघेहि अथेन्सचे नागरिक असतील, तोच जन्मानें नागरिक ठरे.

परंतु रणशिंग वाजलें म्हणजे ही भिंत नाहींशी होई. ख्रिस्तपूर्व 431 मध्यें अथेन्सनें शेजारच्या मेगारा प्रांतावर स्वारी केली. थ्यूसिडिडीझ या इतिहासकारानें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें त्या स्वारींत 10,000 नागरिकांच्या जड पायदळाबरोबर निदान 3,000 मेटिक शस्त्रें घेऊन चालत होते. आरमारांतहि मेटिक वल्हीं मारीत. म्हणजे सभेच्या मांडवांत जो परका, तोच रणांगणावर सोबती!

या व्यवस्थेचा कस लागला तो लिसिअस नांवाच्या मेटिकाच्या आयुष्यांत. त्याचा बाप केफालस हा मूळचा सिराक्यूजचा. पेरिक्लीझच्या आग्रहावरून तो अथेन्सला येऊन राहिला. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथांतील संवाद याच कुटुंबाच्या घरीं घडला असें दाखविलें आहे. या घराण्याचा ढाली बनविण्याचा मोठा कारखाना होता. ख्रिस्तपूर्व 404 मध्यें अथेन्सचा पराभव होऊन तीस जुलुमशहांचें राज्य आलें. त्यांनीं श्रीमंत मेटिकांच्या घरांवर धाड घातली, लिसिअसच्या भावाला विष घ्यावयास लावून ठार केलें, आणि लिसिअस कसाबसा निसटून मेगारास गेला. तेथून त्यानें लोकसत्तेसाठीं झगडणाऱ्या थ्रॅसिब्यूलसच्या पक्षाला पैसा पुरविला आणि 200 ढाली दिल्या. पुढें लोकसत्ता पुन्हां स्थापन झाली. थ्रॅसिब्यूलसनें अशा साहाय्यकर्त्यांना नागरिकत्व देण्याचा ठराव आणला व तो मंजूरहि झाला. परंतु ठरावाची कायदेशीर रीत पाळली गेली नाहीं, या कारणावरून तो रद्द ठरला. लिसिअसला करांत नागरिकांइतकी सवलत मिळाली. मत मात्र मिळालें नाहीं. इतरांच्या खटल्यांसाठीं उत्कृष्ट भाषणें लिहिणारा हा पुरुष अखेरपर्यंत परस्थच राहिला.

ही विसंगति अथेन्समधील विचारी लोकांच्या ध्यानांत आली नव्हती असें नाहीं. झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या मध्यास नगरीच्या उत्पन्नाविषयीं एक निबंध लिहिला. त्यांत तो म्हणतो कीं, मेटिकांना पायदळाच्या नोकरींतून मोकळें करावें. घरदार व धंदा टाकून जाणें त्यांना फार जड पडतें, आणि नागरिकांनीं स्वतःच लढणें हें नगरीलाहि भूषणावह आहे. त्याच लेखांत योग्य मेटिकांना मोकळ्या जागांवर घरें बांधूं द्यावीं, अशीहि त्याची सूचना आहे. ओझें कमी करावयाचें आणि आपलेपणा वाढवावयाचा, हा त्याचा मार्ग होता.

आतां बावीस शतकांहून अधिक काळ ओलांडून आपण अमेरिकेंत येऊं. अथेन्सनें नागरिकत्वाचें दार बंद ठेवलें होतें. अमेरिकेचें दार निदान गोऱ्या परस्थांस उघडें होतें. 'मला येथील नागरिक व्हावयाचें आहे' अशी इच्छा शपथेवर नोंदविलेला परस्थ तेथें उंबरठ्यावर उभा आहे असें समजत. यादवी युद्ध चालू असतांना 3 मार्च 1863 रोजीं भरतीचा जो कायदा झाला, त्यानें 20 ते 45 वर्षांच्या नागरिकांबरोबर या इच्छुकांनाहि भरतीस पात्र ठरविलें. नंतर 8 मे रोजीं लिंकननें जाहीरनामा काढून त्यांना पासष्ट दिवसांची मुदत दिली. या मुदतींत देश सोडावा, नाहीं तर भरतीच्या वेळीं परकेपणाची सबब सांगूं नये, असा त्याचा आशय होता. ज्यानें पूर्वीं मतदान केलें असेल, त्याला तर ही सबब मुळींच नव्हती. याच्या जोडीला 1862 चा दुसरा कायदा होता. त्यानें सैन्यांतून सन्मानानें मुक्त झालेल्या परस्थाला एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिक होतां येई. घेणें आणि देणें येथें एकाच वहींत लिहिलें गेलें.

तरीहि या कायद्यांत एक मोठें छिद्र होतें. 300 डॉलर भरणाराला किंवा बदली माणूस देणाराला सुटका मिळे. गरीब मजुरानें एवढी रक्कम आणावी कोठून? जुलै 1863 मध्यें न्यूयॉर्क शहरांत भयंकर दंगल उसळली. तींत आयरिश मजुरांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्या क्रोधाला बळी पडले ते निरपराध काळे रहिवासी. सक्तीचें ओझें सर्वांवर सारखें पडलें नाहीं म्हणजे त्याखालीं भलताच चिरडला जातो, हें त्या चार दिवसांनीं दाखवून दिलें.

पहिल्या महायुद्धांतहि अमेरिकेनें हीच रेषा कायम ठेवली. इच्छा नोंदविलेले परस्थ भरतीस पात्र, न नोंदविलेले मुक्त. जुलै 1918 च्या दुरुस्तीनें तटस्थ राष्ट्रांच्या प्रजाजनांना नोंदविलेली इच्छा मागें घेऊन सुटतां येऊं लागलें. मात्र तसें करणाराला अमेरिकेचें नागरिकत्व कायमचें बंद झालें. निवड कठोर खरी, परंतु ती समोर स्पष्ट मांडलेली होती.

ज्याच्यापुढें अशी निवड नव्हतीच, त्याची कथा आपल्या अंतःकरणास अधिक भिडते. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण 1913 मध्यें अमेरिकेस गेला. 1918 मध्यें तो अमेरिकन सैन्यांत दाखल झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सन्मानानें मुक्त झाला. लष्करी गणवेषांत त्याला नागरिकत्वाचा दाखला मिळाला, आणि चारच दिवसांत तो रद्द झाला. 1920 मध्यें ऑरेगॉनच्या न्यायालयानें तो पुन्हां दिला. सरकारनें वाद वर नेला, आणि 19 फेब्रुवारी 1923 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, कायद्याच्या अर्थानें हा मनुष्य 'गोरा' नाहीं, म्हणून तो नागरिक होऊं शकत नाहीं. सैन्यांत घेतांना जो वर्ण आड आला नाहीं, तो दाखला देतांना आड आला! 1935 च्या कायद्यानें अशा माजी सैनिकांना दार उघडलें, आणि 1936 मध्यें थिंडला अखेर नागरिकत्व मिळालें. मध्यें अठरा वर्षें गेलीं.

याच सुमारास आपल्या देशांत उलट चित्र दिसत होतें. 1917 च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्यानें येथें राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी नोकरीची सक्ति केली. हिंदी लोकांना मात्र स्वेच्छेनें नांव नोंदवावयाचें होतें. त्या सरकारच्या न्यायबुद्धीची वाखाणणी करण्याचें कारण नाहीं. परंतु सत्ता आणि सक्ति तेथें एकाच घरीं नांदत होत्या, एवढें खरें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. सिंगापूर 9 ऑगस्ट 1965 रोजीं स्वतंत्र झालें. लहानसें बेट, तुटपुंजें सैन्य, आणि ब्रिटिश फौजा निघून जाण्याच्या बेतांत. अशा स्थितींत 1967 मध्यें तेथें सक्तीची राष्ट्रसेवा सुरू झाली. तिचा नियम विचारपूर्वक आंखलेला आहे. जो मनुष्य स्वतःच्या कर्तबगारीवर कायम रहिवासी झाला, त्याला सेवेंतून सूट आहे. परंतु त्याच्या आधारानें कायम रहिवासी झालेल्या मुलाला ती सेवा करावीच लागते. अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षें गणवेष, आणि पुढें कित्येक वर्षें राखीव दलांतील बोलावणीं. सेवा न करतां ज्यानें रहिवासाचा दाखला सोडला, त्याच्या पुढील शिक्षण, नोकरी व रहिवास यांसंबंधींच्या अर्जांवर त्याचा प्रतिकूल परिणाम होतो.

यांतील मर्म घरांत बसून विचार केला म्हणजे कळतें. लाभाचा अर्ज करतो बाप, आणि बंदूक येते मुलाच्या खांद्यावर. अर्ज केला तेव्हां मूल कदाचित् पांच वर्षांचें असेल. पुढें त्याच्या एका हातांत भारतीय पारपत्र आणि दुसऱ्या हातांत सिंगापूरची बंदूक असते. भारताचा कायदा दोन नागरिकत्वें मानीत नाहीं, आणि सिंगापूरचाहि मानीत नाहीं. म्हणून सेवा संपल्यावर त्या तरुणाला पुन्हां अर्ज करावा लागतो, आणि एका मातृभूमीचा निरोप घ्यावा लागतो.

'जो रक्षणाचा लाभ घेतो, त्यानें रक्षणाचा भारहि उचलावा,' असें सक्तीचे पुरस्कर्ते म्हणतात. हें म्हणणें पोकळ नाहीं. शेजाऱ्याचा मुलगा चिखलांत कवाईत करीत असतांना त्याच आळींतल्या दुसऱ्या मुलानें सरळ महाविद्यालयांत जावें, हें कोणत्याहि समाजाला फार काळ सहन होणार नाहीं. परंतु कर देऊन जें फेडतां येतें तें ऋण वेगळें, आणि प्राण देऊन फेडावयाचें ऋण वेगळें. दुसऱ्या प्रकारचें ऋण मागणारानें आपल्या घराचें दार बंद ठेवून तें मागूं नये.

म्हणून माझें मत असें आहे कीं, कायम रहिवाशावर सैन्यसेवेची सक्ति करावयाची तर तीन गोष्टी पाळाव्या. तिची अट रहिवास स्वीकारतांनाच स्पष्ट सांगावी. वयांत आलेल्या मुलाला ती नाकारून शिक्षेवांचून निघून जाण्याची मुभा असावी. आणि ज्यानें सेवा पुरी केली, त्यानें मागितल्यास नागरिकत्व हा त्याचा हक्क असावा. तो कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहूं नये. लिंकनच्या काळीं यांतील पहिली व तिसरी गोष्ट बऱ्याच अंशीं पाळली गेली. लिसिअस आणि थिंड यांच्या बाबतींत तिसरीच मोडली. ज्याच्याकडून ढाल घ्यावयाची त्याला सभेंत जागा द्यावी, आणि ज्याला जागा द्यावयाची नाहीं त्याच्या हातीं सक्तीनें ढाल देऊं नये. आपल्या जुन्या गांवगाड्याला एवढा हिशेब कळत होता.