अनंत गट आणि परतीची वाट

१/ सोनारीच्या काळभैरवनाथ मंदिरापासून शंभर पावले उत्तरेस, मग तितकीच पूर्वेस, दक्षिणेस आणि पश्चिमेस चालले, तर माणूस मूळ जागी येतो. एकापुढे एक करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या अशा हालचालींच्या संचाला बीजगणितात ‘गट’ म्हणतात.

२/ मैदानावर हालचालींचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. अनेक गटांत मात्र क्रमच निर्णायक असतो. तेथे हालचालींची लांबलचक माळ मूळ जागी आणते की नाही, हे कसे ओळखावे? १९११ मध्ये जर्मन गणिती माक्स डेन यांनी हा ‘शब्दप्रश्न’ मांडला. गट अनंत असेल, तर एकेक शक्यता तपासून उत्तर मिळत नाही.

३/ साधन आधीच तयार होते. १८७८ मध्ये आर्थर केली यांनी गटाचे चित्र काढण्याची रीत दिली होती : प्रत्येक घटक एक ठिपका, प्रत्येक हालचाल एक रस्ता. आता प्रश्न इतकाच उरतो : वाट बंद होते का?

४/ मेदूवड्याला एक भोक असते. दोन किंवा अधिक भोके असलेल्या पृष्ठभागांच्या गटांसाठी डेन यांनी १९१२ मध्ये उत्तर दिले. तेथील प्रत्येक बंद वाटेत एकतर लगेच उलट फिरलेले पाऊल असते, किंवा नियमाने ठरलेल्या फेरीचा निम्म्याहून अधिक भाग असतो. पाऊल गाळावे, अथवा फेरीची आखूड बाजू धरावी. वाट दर वेळी लहान होते. ती शून्यावर आली तर आपण परतलो; मध्येच अडली तर नाही.

५/ ही युक्ती सर्वत्र चालत नाही. मोजकेच नियम असूनही ज्याचा शब्दप्रश्न कोणत्याही ठरावीक रीतीने सुटत नाही, असा गट असतो, हे प्योत्र नोविकोव्ह यांनी १९५५ मध्ये सिद्ध केले.

६/ मग ती चालते कोठे? १९८७ मध्ये मिखाईल ग्रोमोव्ह यांनी उत्तर भूमितीत शोधले. ज्या गटाच्या चित्रातील त्रिकोण ‘कृश’, म्हणजे प्रत्येक बाजू उरलेल्या दोन बाजूंना बिलगून जाणारी, तो गट हायपरबोलिक. अशा प्रत्येक गटात डेन यांची रीत चालते.

७/ अशा चित्राला दूरवर क्षितिजही असते. वरील पृष्ठभागांच्या गटांचे क्षितिज वर्तुळ, तर त्रिमितीय हायपरबोलिक अवकाशाचे क्षितिज गोल. तो गट त्या अवकाशात नांदतो, तेव्हा वर्तुळ न तुटता गोलावर उतरते का? कॅनन आणि थर्स्टन यांनी १९८०च्या दशकात काही उदाहरणांत ‘होय’ असे दाखवले. तेथे वर्तुळ अख्खा गोल व्यापते.

८/ सर्वसाधारण उत्तरही ‘होय’च आहे. ते सिद्ध करणारा महान महाराज यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रामकृष्ण परंपरेतील हे संन्यासी पुढे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. याच संस्थेतील एम. एस. रघुनाथन यांचा सतत गटांतील विविक्त उपगटांवरील ग्रंथ १९७२ पासून जगभर अभ्यासला जातो. अनंताची परतीची वाट शोधणारे हे गणित महाराष्ट्रातही घडत आहे.