गर्भधारणापूर्व पूरक पोषण

मूल होऊ देण्याचे ठरविलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीपासून घ्यावयाची जीवनसत्त्वे व खनिजे. त्यांत फॉलिक आम्ल प्रमुख.

उगम : ब्रिटिश संशोधक लूसी विल्स यांनी 1928 पासून मुंबईत गिरणी कामगार गरोदर स्त्रियांतील रक्तक्षय अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी 1931 मध्ये मांडले; त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला (पहा : रक्तक्षय). ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या 1991 च्या चाचणीत, आधीच्या अपत्यात मज्जादोष (मेंदू व मज्जारज्जू घडविणारी नलिका नीट न मिटण्याचा जन्मदोष) असलेल्या स्त्रियांना रोज 4 मिग्रॅ. फॉलिक आम्ल दिल्यावर दोषाची पुनरावृत्ती 72 टक्क्यांनी घटली.

स्वरूप : ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते; पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो हा काळ बहुधा बराच सरलेला असतो. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची मात्रा आधीच सुरू करून 12 व्या आठवड्यापर्यंत घेतात. आधीच्या अपत्यात दोष, मधुमेह किंवा अपस्माराची औषधे असल्यास मात्रा डॉक्टर ठरवितात. मेथी, पालक, हरभरा यांत फोलेट असते. भाजी उकळून पाणी फेकल्यास ते बरेच वाया जाते. शाकाहारी स्त्रियांत ब-12 ची उणीव विशेष आढळते (पहा : जीवनसत्त्वे). जीवनसत्त्व अ-च्या रेटिनॉलयुक्त गोळ्यांचा अतिरेक गर्भास घातक.

महत्त्व : ॲनिमिया मुक्त भारत (2018) कार्यक्रमात सर्वत्र प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी लोह 60 मिग्रॅ. व फॉलिक आम्ल 500 मायक्रोग्रॅमची लाल गोळी आठवड्यातून एकदा नेमलेली आहे. ती रक्तक्षयासाठी असून रोजच्या मात्रेची जागा घेत नाही. गरोदरपणाच्या नोंदणीनंतर सुरू केलेली गोळी मज्जादोष टाळण्यास बहुधा उशिराची ठरते.