वाङ्मयचौर्य (विद्यार्थी-लेखनातील)

दुसऱ्याचे शब्द, कल्पना, आकडे किंवा चित्रे श्रेय न देता स्वतःची म्हणून सादर करणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर तो सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळतात.

या शिक्षा पदव्युत्तर व संशोधन स्तरावरच्या. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी पदवीचा विद्यार्थी जो प्रकल्प लिहितो, तो त्यांच्या बाहेर राहतो. श्रेय देण्याची किंवा न देण्याची सवय मात्र तिथेच लागते.

समजा, अशा प्रकल्पाचा विषय तिथल्या घरणी धरणाच्या पाण्याचा आहे. साठ्याचे आकडे जलसंपदा विभागाचे असतील तर विभागाचे नाव व आकड्यांची तारीख द्यावी. पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे व पृष्ठांक हवेत. स्वतःच्या शब्दांत मांडले तरी लेखकाचा उल्लेख चुकत नाही. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याने पाण्याच्या पाळ्यांबद्दल सांगितलेली माहितीही स्रोतच आहे: गाव, मुलाखतीची तारीख आणि त्याची संमती असल्यास नाव नोंदवावे. हे श्रेय बुडवणे सर्वांत अन्यायाचे, कारण पुस्तकाचा लेखक आपल्या ओळी ओळखून हरकत घेऊ शकतो. शेतकऱ्याच्या हाती तो प्रकल्प पडतही नाही. ‘ऋणनिर्देशा’त सर्वांचे एकत्र आभार मानल्याने ही उणीव भरून निघत नाही, कोणती माहिती कोणाची, हे त्या त्या ठिकाणी कळले पाहिजे.

श्रेय देण्याची रीत मराठीला परकी नाही. गीतार्थ सांगताना आपण व्यासांच्या मागून आणि भाष्यकारांच्या आधाराने चाललो, हे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात नोंदवले आहे. मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींखालीही संदर्भग्रंथ व लेखकाचे नाव असते.

साम्य शोधणाऱ्या संगणकप्रणालींना मराठीत मर्यादा पडतात. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर त्यांना सहसा ओळखता येत नाही. इंग्रजीतून भाषांतरित केलेला उताराही निसटू शकतो. उलट, कायद्याचे कलम किंवा ठरावीक संज्ञा साम्य म्हणून दिसू शकतात. त्यामुळे टक्केवारी हा पुरावा नव्हे, तपासाची सुरुवात आहे. मौखिक परीक्षेत ‘हा आकडा कुठून आणला, कोणाला भेटलात?’ असे विचारून क्षेत्रभेटीची वही पाहणाऱ्या शिक्षकाला त्याहून अधिक कळते.