श्रवणग्रंथ आणि बऱ्हाणपूरची मराठी

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. ग्रंथ एकट्याने, डोळ्यांनी वाचण्याची सवय आपल्या समाजाला मुद्रणकलेने लावली. तत्पूर्वी कित्येक शतके ग्रंथ ही मुख्यतः ऐकावयाची वस्तू होती. एक जण वाचीत असे आणि सारा गाव ऐकत असे. आज यंत्राच्या साहाय्याने तीच रीत पुन्हा घरोघर आली आहे. एकाच वाचकाने आरंभापासून अखेरपर्यंत वाचून ध्वनिमुद्रित केलेले पुस्तक हजारो लोक आपापल्या सवडीने ऐकतात. त्यांत चरित्रे असतात, तशा रहस्यकथाही असतात. या श्रवणग्रंथाकडे केवळ करमणुकीचे साधन म्हणून पाहणे पुरेसे नाही. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला त्याची गरज निराळ्या कारणाने आहे, आणि ते कारण बऱ्हाणपूरच्या उदाहरणावरून चांगले ध्यानी येते.

तापीकाठचे हे नगर फारुकी सुलतानांनी १४०० च्या सुमारास वसविले. ती खानदेशची राजधानी होती. १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती गेला, आणि मोगल अमदानीत बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. येथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. अनेक भाषांनी शेजारी नांदावे, ही या नगरीची जुनी रीत होय. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, पुढे ते शिंद्यांकडे राहिले, आणि १८६० साली इंग्रजी अमलाखाली जाऊन मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्याला जोडले गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशातच राहिले. २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. अशा रीतीने खानदेशची जुनी राजधानी आज महाराष्ट्रातील खानदेशाच्या बाहेर आहे. रावेरची केळीची बने आणि बऱ्हाणपूरची केळीची बने यांना सीमारेषा ठाऊक नाही. शाळेला मात्र ती ठाऊक आहे.

राज्यकारभाराची आणि बहुतेक शिक्षणाची भाषा येथे हिंदी. त्यामुळे मराठी घरातील मुलाची एक चमत्कारिक स्थिती होते. लिपी देवनागरीच असल्याने मराठी पुस्तक त्याला वाचता येते. परंतु वाचता येणे आणि मराठी उच्चारता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘जग’ हा एकच शब्द घ्यावा. ‘हे जग मोठे आहे’ यातील ज आणि ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादातील ज हे कागदावर एक आहेत, तोंडात एक नाहीत. च, ज आणि झ यांचे हे दुहेरी उच्चार आपली लिपी दाखवीत नाही. ते आईकडून, आजीकडून कानावाटे येतात. कोकणीचेही असेच आहे. तिच्यातील ए आणि ओ यांचे विवृत व संवृत भेद अर्थ बदलतात, तथापि देवनागरी अक्षरात ते उमटत नाहीत. शिवाय कोकणी देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि अरबी वळणाची लिपी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली. त्या सर्वांना जोडणारा धागा कानच आहे. कानाची परंपरा तुटली, तर लिपी शाबूत राहूनही भाषा अर्धी जाते.

ही परंपरा पूर्वी पुराणिकाने सांभाळली. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. तो संतांच्या चरित्रांचा ग्रंथ, आणि त्याचा प्रसार देवळांच्या सभामंडपांतून, मोठ्याने वाचणाऱ्यांच्या मुखातून झाला. व्यासपीठावर बसलेला एकच मनुष्य संत होई, निंदक होई, राजा होई आणि रडणारी माताही होई. वेषांतर नाही, पडदा नाही. केवळ आवाजाचा चढउतार. संकटाच्या ऐन क्षणी अध्याय थांबवून श्रोत्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा आणण्याची कलाही त्याला अवगत होती. पुढे काय झाले, ही उत्सुकता चरित्रात आणि रहस्यकथेत सारखीच असते. म्हणूनच हे दोन्ही प्रकार एका आवाजाला विशेष मानवतात.

यंत्रयुगातही हीच गोष्ट दिसून आली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी व इतर अंधांसाठी इंग्लंडमध्ये १९३५ साली बोलती पुस्तके निघाली. त्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची एक रहस्यकादंबरी होती, आणि ती कथाही एकच पात्र आपल्या मुखाने सांगते. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी आणि गोव्याच्या गुरुनाथ नाईकांनी रहस्यकथांचा प्रचंड वाचकवर्ग निर्माण केला होता. २०१७ साली स्टोरीटेल या स्वीडिश संस्थेने भारतात काम सुरू केले, तेव्हा प्रारंभापासून मराठीला स्थान मिळाले. बऱ्हाणपुरात बसून मराठी कादंबरी ऐकणे त्यामुळे सुलभ झाले.

परंतु प्रमाण मराठीचा आवाज मिळाला म्हणजे सर्व मिळाले, असे नव्हे. खानदेशात अनेकांच्या तोंडी ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. ही बोली अशुद्ध नव्हे. तिच्यात काव्य झाले आहे. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुखातील ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुत्र सोपानदेव यांनी त्या प्रकाशित केल्या. शब्द वाचले, आवाज गेला.

येथे आयर्लंडची आठवण होते, कारण मूळ भाषा मागे पडण्याचे दुःख त्या देशाने फार भोगले आहे. ब्लास्केट बेटावरील पेग सेयर्स हिला आयरिश लिहिता येत नव्हती. तिने आपले चरित्र मुलाला तोंडी सांगितले आणि ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. बहिणाबाईंप्रमाणेच येथेही आईची वाणी आणि मुलाची लेखणी! १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोककथा आयोगाचे संग्राहक खेडोपाडी कथेकऱ्यांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर घेत. पण पैसा अपुरा होता. मजकूर लिहून काढला की नळकांडे तासून पुन्हा वापरीत. अशा रीतीने अनेक कथा वाचल्या, आणि त्या सांगणारे कंठ कायमचे पुसले गेले. १९५३ साली ते बेटही निर्मनुष्य झाले. पुढच्या पिढीने निराळा मार्ग धरला. फ्रँक मॅककोर्ट यांनी लिमरिकमधील आपल्या दरिद्री बालपणाची कहाणी १९९६ साली लिहिली आणि तिचा श्रवणग्रंथ स्वतःच्याच आवाजात वाचला. भाषा इंग्रजी, पण वळण लिमरिकचे.

आपल्याकडील बोलींचे आवाज टिपण्याचा पहिला मोठा प्रयत्नही एका आयरिश माणसानेच केला, हा योगायोग लक्षणीय आहे. डब्लिनजवळ जन्मलेले जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी केली. तिचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणीला मराठीची बोली मानले होते. साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली ती १९७५ साली. या पाहणीला जोडूनच १९१३ पासून प्रांतोप्रांतीच्या भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. योजना साधी होती : एका माणसाने उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या बोलीत सांगावयाची. त्या तबकड्यांवरील आवाज आज संगणकाद्वारे कोणालाही ऐकता येतात. शंभर वर्षांपूर्वीचा तो कंठ टिकला, कारण कोणी तरी तो वेळीच टिपला.

तेव्हा तबकडीला सरकारचे पाठबळ लागत होते. आज हाती दूरध्वनी असलेला कोणीही ते काम करू शकतो. बऱ्हाणपुरातील मराठी घरांत आणि देवळांत पोथी वाचणारे वृद्ध आहेत, आपल्या आयुष्याची कथा बोलीत सांगणाऱ्या आज्या आहेत. चातुर्मासात एक अध्याय, एक आत्मकथा, एका माणसाच्या आवाजात, इतका संकल्प प्रत्येक मंदिराने केला तरी पुष्कळ होईल. ‘जग’ या आशीर्वादाचा खरा उच्चार नातवंडांना पुस्तकात सापडणार नाही. तो ज्यांच्या मुखी आहे, ती माणसे आपल्यात आहेत तोवरच तो टिपून घेतला पाहिजे.