रेंजची एकच काडी, तरी कॉल लागतो कसा? ट्रान्झिस्टरचं ‘स्मॉल सिग्नल’ गणित

पावसाळ्यात लोहगडावर किंवा राजमाचीच्या वाटेवर गेलात की रेंजची एकच काडी उरते. तरीही “पोचलो गं आई” एवढं सांगता येतं. हे कसं होतं?

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनबद्दल’ मध्ये जाऊन ‘सिम स्टेटस’ उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. समजा आकडा −११० आहे. म्हणजे वॅटचा शंभर लाख-कोटीवा भाग! ४जीमध्ये हा आकडा सिग्नलच्या एका छोट्या तुकड्यापुरता असतो. पण सगळे तुकडे मिळूनही अँटेनावर येणारं व्होल्टेज काही मायक्रोव्होल्टच भरतं. ते मोठं करण्याचं पहिलं काम ट्रान्झिस्टर अँप्लिफायर करतो.

अडचण काय आहे?

ट्रान्झिस्टर सरळ वागत नाही. बेसवरचं व्होल्टेज थोडं वाढवलं की कलेक्टरचा करंट भराभर वाढतो. त्याचा आलेख वर वर जाताना जास्तच उभा होत जातो. अशा वाकड्या रेषेवर गणित करणं किचकट.

आता बोरघाट आठवा. कर्जतहून लोणावळ्याला येताना रेल्वेचा सर्वात तीव्र चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. लोणावळ्याच्या पुढे मात्र मार्ग बराच सपाट. पूर्ण मार्गाला एकच चढ लावता येत नाही, पण तुम्ही उभे आहात तिथून चार पावलांपुरता नक्की लावता येतो. स्मॉल सिग्नल ॲनालिसिस हेच करतं: वाकड्या रेषेवर एक जागा पकडायची आणि तिच्या आसपासचा छोटा तुकडा सरळ मानायचा.

गणित करून बघूया

९ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला.

१. आधी डीसी. सिग्नल नसताना १ मिलिअँपिअर करंट वाहील असं बायसिंग करा. रेझिस्टरवर ४.७ व्होल्ट पडतात, कलेक्टरवर ४.३ उरतात. हा झाला ऑपरेटिंग पॉइंट. तो साधारण मध्यावर आहे, त्यामुळे सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे जागा मिळते.

२. मग चढ काढा. याला ट्रान्सकंडक्टन्स किंवा ‘जीएम’ म्हणतात. करंटला २५ मिलिव्होल्टने भागा: १ ÷ २५ = ०.०४, म्हणजे व्होल्टमागे ४० मिलिअँपिअर.

३. शेवटी एसी. मोठे कपॅसिटर शॉर्ट समजा, बॅटरी ग्राउंड समजा. गेन = ०.०४ × ४७०० = १८८. आउटपुट उलट्या दिशेने हलतं, म्हणून पुढे उणे चिन्ह लावतात.

म्हणजे २ मिलिव्होल्ट दिले तर सुमारे ३७६ मिलिव्होल्ट मिळतात. ही ताकद हवेतून येत नाही, बॅटरीतून येते. गणितात बॅटरीला ग्राउंड मानलं म्हणून ती गायब झाली असं समजू नका.

‘स्मॉल’ म्हणजे किती लहान?

परीक्षेत आणि प्रोजेक्टमध्ये बरेचजण इथेच फसतात. बेसवर ५ मिलिव्होल्ट वाढवले तर सरळ रेषा सांगते, करंट ०.२० मिलिअँपिअर वाढेल. खरी वाढ ०.२२. चालेल. २५ मिलिव्होल्ट वाढवले तर रेषा १ म्हणते, ट्रान्झिस्टरचा वाकडा आलेख मात्र १.७२! हे झालं डिस्टॉर्शन. आणि १०० मिलिव्होल्ट दिले तर सूत्र १८.८ व्होल्ट सांगतं. बॅटरीच ९ व्होल्टची, मग आणणार कुठून? सिग्नलचा माथा कापला जातो, यालाच क्लिपिंग म्हणतात.

फोनच्या चिपमध्ये सहसा वेगळ्या जातीचा, म्हणजे मॉसफेट ट्रान्झिस्टर असतो. त्याच्या जीएमचं सूत्र वेगळं, पण युक्ती हीच.

आपल्याच जिल्ह्यातला पुरावा

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिशय क्षीण सिग्नल पकडतात. तिथे मोबाइल चालू ठेवायला मनाई आहे. दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते आणि मोबाइलचा ९०० मेगाहर्ट्झ बँड त्यातच येतो. आकाशातल्या सिग्नलपुढे जवळचा मोबाइल म्हणजे कानाशी ढोल. त्याने मोजमापात गोंगाट मिसळतो. सिग्नल फारच जोरदार असेल तर अँप्लिफायर सरळ तुकड्याबाहेर ढकलला जातो आणि खरा सिग्नलही बिघडतो.

थोडक्यात

आधी डीसीने जागा ठरवा, मग त्या जागेचा चढ काढा, मग गेन. आणि उत्तर आल्यावर एक प्रश्न नक्की विचारा: माझा सिग्नल खरंच ‘स्मॉल’ आहे का? नसेल, तर आलेलं उत्तर फक्त कागदावरचं.